उपासातला ‘प’

ओठांत टाचण्या धरल्या असताना माणसानं बोलू नये. चर्चच्या चिटणीसबाई बुधवारी बोलल्या, आणि पुढचं सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

बाई पोटापाण्यासाठी शिवणकाम करायच्या. गिऱ्हाइकाच्या झग्याची दुमड धरून गुडघ्यांवर बसल्या होत्या, तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला.

“बाई, मंडळीला कळवा. शनिवारी सकाळी उपास-प्रार्थना. वरिष्ठ पाळक पाहणीला येताहेत. मागच्यासारखी सात डोकी दिसली, तर आपलं चर्च बंद करून मोठ्या चर्चला जोडणार म्हणे.”

बाईंचं लग्न याच चर्चमध्ये लागलेलं, आणि गेली वीस वर्षं तिथली झाडलोटही त्याच करत होत्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून सूचना त्यांनी फोनला तोंडीच सांगितली. पण ओठांत टाचण्या असताना ‘प’ निघणार कसा? प्रार्थनेचा ‘प’ फोननं सवयीनं ओळखला. उपासाचा काही त्याला लागेना. मंडळीला निरोप गेला: ‘शनिवारी सकाळी उल्हास-प्रार्थना. तयारीनिशी यावे.’ बाईंनी तो वाचलासुद्धा नाही.

संध्याकाळी बेकरीवाल्याचा फोन. “बाई, शनिवारी मोठा करू की छोटा?”

“मोठाच करा हो! आणि मनापासून करा.”

“बस, तुम्ही सांगितलंत, झालं!”

मग तीन वर्षांत चर्चचं तोंड न पाहिलेला ट्रम्पेटवाला. “बाई, सवय गेलीय. दम टिकेल ना?”

“देव देईल दम. तुम्ही या तर!”

जाऊबाईंनी विचारलं, “पोरांना आणू?”

“आणा, पण झेपेल तेवढंच करू द्या त्यांना.”

उपासाला एवढा उत्साह! बाईंना भरून आलं.

शनिवारी बाई उपाशीपोटी चर्चपाशी पोहोचल्या आणि दारातच थिजल्या. खांबाखांबाला कागदी माळा, पोरांच्या तोंडात पिपाण्या, आणि वेदीसमोर दाराच्या फळीएवढा केक. बाकांवर जागा नाही म्हणून माणसं खिडक्यांत बसलेली. मागून काळ्या कोटातले पाळकसाहेब आले. रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सोबत वही घेतलेले वरिष्ठ पाळक.

“बाई, हे काय?”

बाईंनी फोन काढून निरोप वाचला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. “साहेब… टाचण्या…” एवढंच त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब पश्चात्तापावरचं अकरा पानी प्रवचन घेऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, आणि ट्रम्पेटवाल्याला वाटलं, इशारा झाला. त्यानं ट्रम्पेट असा काही फुंकला की काचा थरथरल्या! अख्खी मंडळी उभी राहून गाऊ लागली. नवरा गेल्यापासून शेवटच्या बाकावर बसून गुपचूप निघून जाणारी म्हातारी नर्ससुद्धा टाळ्या वाजवत होती. तालात नव्हत्या, पण वाजवत होती.

पाळकसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पानांची घडी घातली.

“मी आज तुम्हाला रडायला लावणार होतो,” ते म्हणाले. “पण देवानं आपल्यासाठी एवढं केलं, आणि आपण त्याच्यापुढे दर वेळी सुतकी तोंडानं येतो, आधी याचाच पश्चात्ताप करू या. वाजवा हो!”

मग काय विचारता! तासभर छप्पर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. वरिष्ठ पाळकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती मात्र हलली नाही. ते वही उघडून समोर आले.

“ही उल्हास-प्रार्थना तुमच्याकडे नेहमी असते?”

पाळकसाहेबांनी जन्मात थाप मारली नव्हती. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं.

“आजपासून असते.”

वरिष्ठांनी वही मिटली. “मग बंद करण्याचं नाव नको. मोठ्या चर्चचं म्हणाल, तर तिथं अकरा माणसं येतात, अकराही पेंगतात.” त्यांनी आवाज खाली आणला. “पुढच्या वेळी त्यांना इकडेच आणलं तर चालेल का?”

“चालेल म्हणजे? धावेल!” बाई ओरडल्याच. अख्ख्या मंडळीत उपाशी माणसं दोनच होती. बाईंनी केकचा भलामोठा तुकडा कापून पाळकसाहेबांच्या तोंडात कोंबला, आणि दुसरा स्वतःच्या.