लाळग्रंथ

ज्या साली अंबिकेचं लग्न एकदा पुढं गेलं आणि मग लागलं, त्या सालची ही गोष्ट. पहिली तारीख हुकली, कारण नवरदेवाची आजी गोजरबाई हळदीच्या आदल्या दिवशी वारली. सुतक लागलं, मांडव उतरला आणि ठरवलेला आचारी दुसऱ्याच्या लग्नात रांधून आला.

दुसरी तारीख धरली तेव्हा अंबिकेचा आजा सूर्यभान सगळ्या वस्तीला बजावून आला, "लग्न लागंस्तोवर कुणी मरायचं नाय. माझ्या घरचं मी बघतो, तुमच्या घरचं तुम्ही बघा."

बिडकीनजवळच्या त्या वस्तीवर सूर्यभानची चाळीस मेंढरं होती. जनावराचा आजार आपण बांधापलीकडून नुसत्या खोकल्यावरून ओळखतो, असं तो म्हणे. अक्षरं मात्र तो उशिरा शिकला, एकसष्टाव्या वर्षी, अंबिकेच्या पुस्तकातून. तेव्हापासून एसटीच्या तिकिटापासून खताच्या गोणीपर्यंत सगळं तो मोठ्यानं वाची. छापलेलं खोटं नसतं, अशी त्याची खात्री होती.

लग्नाला दहा दिवस उरले आणि त्याचा कुत्रा लाळ गाळू लागला. चौकशी केल्याशिवाय कुणालाही वस्तीत सोडत नाही म्हणून कुत्र्याचं नाव हवालदार. त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी मऊ गाठ आली होती, ती दोन दिवसांत पेरूएवढी झाली. भाकरी तोंडात घ्यायचा आणि गिळता न आल्यामुळं सोडून द्यायचा.

"बाभळीचा काटा हाय," सूर्यभान म्हणाला. "आत्ता काढतो."

"डॉक्टरला दावा की," त्याची बायको बानाबाई म्हणाली.

"डॉक्टर काय काट्यानं शिकवला की पुस्तकानं?" असं म्हणून सूर्यभाननं कुत्र्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. काटा सापडला नाही. हवालदाराचा दात तेवढा त्याच्या मनगटाला घासला आणि दोन थेंब रक्त आलं. त्यानं ते धोतराला पुसलं.

शेवटी मुलगा हनुमान कुत्र्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून बिडकीनच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मागं सूर्यभान होताच. तिथल्या डॉक्टर तनुजा मॅडम कुत्र्याचा जबडा चाचपत असताना हनुमान मांडववाल्याशी फोनवर भांडत बाहेर गेला आणि सूर्यभान भिंतीवरचं वाचू लागला.

"ला-ळ ग-ळ-णे. गि-ळ-ता न ये-णे. पा-ण्या-ची भी-ती." वरचे शब्द लाल आणि मोठे होते. "पि-सा-ळ-लेल्या..."

पुढचं वाचायला त्याच्या डोळ्यांत बळ उरलं नाही. मनगट एकदम ठणकू लागलं.

मागून मॅडमचा आवाज आला. "आबा, ही लाळग्रंथी आहे. लग्न झालं की शहरात घेऊन जा, ऑपरेशन करू. कुणाला चावलाय का?"

सूर्यभानच्या कानात 'लाळग्रंथ' एवढंच शिरलं. साधा आजार चिठ्ठीवर मावतो. याच्यावर तर अख्खा ग्रंथ लिहिलाय, मग आता इलाज कसला?

आणि चावलाय म्हणून सांगावं, तर बातमी नवरदेवाच्या गावी, वैजापूरला पोचणार, लग्न दुसऱ्यांदा मोडणार.

"नाय," तो म्हणाला. "कुणालाच नाय."

घरी येईपर्यंत त्यानं हिशेब ठरवला. आठ दिवस कसंही करून जगायचं. अंबिका सासरी गेली की मग काय व्हायचं ते होवो. पिसाळला की पाण्याला भितो, हे त्यानं छापलेलं वाचलं होतं. म्हणून दर घंट्याला तो एक तांब्या पाणी प्यायचा. पाणी गेलं घशाखाली की हुश्श, अजून एक घंटा मिळाला. त्याचं पोट मडक्यासारखं डचमळू लागलं आणि त्याच्या फेऱ्या मोजता मोजता मेंढरंसुद्धा चरायची थांबली.

दुसरी भीती घरच्यांची. त्यानं आपली ताटली, वाटी वेगळी केली. खाट उचलून हवालदाराशेजारी बाभळीखाली टाकली. कुत्र्याकडं बघून तो म्हणे, "तू पुढं, मी मागं. पण आठ दिवस दम धर बाबा."

अंबिका पाया पडायला आली तर पाय वर घेऊन ओरडला, "लांबून. लांबूनच पड."

"आबा, माझं काय चुकलं?" पोरीचे डोळे भरले.

त्याचेही भरले. डोळ्यांतलं पाणीसुद्धा विषारी असेल म्हणून तो पाठ करून बसला.

घरात एकच अर्थ निघाला. म्हातारा रुसला.

"आहेराचा फेटा पसंत नसंल," बानाबाई म्हणाली. "आमच्या लग्नात बी फेट्यावरूनच रुसले व्हते."

हनुमाननं नवा फेटा आणला. सूर्यभाननं तो काठीनं बाजूला सारला. मग खबर वैजापूरला गेली आणि हळदीच्या दिवशी नवरदेवाचा बाप कडुबा स्वतः नवं धोतर घेऊन आला.

"मामा, काय कमीजास्त झालं असंल तर पोटात घाला," असं म्हणत तो गळाभेटीला हात पसरून पुढं आला.

सूर्यभान खाटेमागं सरकला. "पाव्हणं, जवळ यायचं नाय."

"का?"

"सांगता येत नाय."

कडुबा आणखी एक पाऊल आला. सूर्यभान खाटेला वळसा घालून पळाला. कडुबा मागं, हवालदार दोघांच्या मागं चौकशीला. तिसऱ्या वळशाला कडुबा थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आमची आई वारली म्हणून आमचं घर विटाळलंय का अजून? शिवून घ्यायचं नसंल तर पोरगी तरी कशाला देता?"

ज्याला भिऊन सूर्यभान सात दिवस पाणी पीत होता, ते लग्न मोडणंच समोर येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात इकडं काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या बायका मागून हळदीच्या पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि चेष्टेनं ती त्याच्या डोक्यावर तिरपी केली.

"पाणी नको," सूर्यभान किंचाळला. "पाणी नको मला."

आपलेच शब्द कानावर पडले आणि तो मटकन खाली बसला.

"आली," तो म्हणाला. "पाण्याची भीती आली. हनुमान, सगळ्यांना लांब ने. मला कुत्रं चावलंय, आन ते पिसाळलंय. लाळग्रंथ झालाय त्याला. पाव्हणं, तुमच्या पाया पडतो, पण लांबून. पोरीचं लग्न मोडू नका. मी मेलो तर उद्या दुपारपर्यंत कुणाला सांगू नका."

बानाबाई पुढं आली आणि पदरानं त्याचं डोकं पुसू लागली.

"आवं, पाण्याची भीती तुम्हाला लग्न झाल्यापासून हाय," ती म्हणाली. "ह्याच्यात नवीन काय?"

हनुमाननं मॅडमला फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"ग्रंथ नाही आबा, ग्रंथी. लाळेची पिशवी. तुमच्याही जबड्यात आहे. त्याच्या पिशवीची नळी फुटलीय, लाळ कातडीखाली साचतेय. पिसाळायचं काय, पोळ्याच्या आधी मीच त्याला लस टोचलीय." मग मॅडमचा आवाज चढला. "पण दात लागला होता तर मला खोटं का सांगितलं? आत्ता माणसांच्या दवाखान्यात जा आणि त्यांना दाखवा."

"पोटात चौदा सुया?" सूर्यभाननं बारीक आवाजात विचारलं.

"दंडात. आणि चौदा नाहीत."

कडुबा इतका हसला की नवं धोतर त्यालाच डोळ्यांना लावावं लागलं. तोच सूर्यभानला आपल्या गाडीवर दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत गाडी पाच वेळा थांबवावी लागली, कारण सात दिवसांचं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. पुढच्या हप्त्यात शहरात हवालदाराची लाळग्रंथी काढली आणि तो पुन्हा भाकरी खाऊन येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करू लागला.

सूर्यभान अजून आहे. अजून सगळं वाचतो, आता शेवटपर्यंत वाचतो. पाण्याची भीती काही गेली नाही. त्या लग्नापासून आजवर, कुणी मागं न लागता, त्यानं एकदाच अंघोळ केली. मागच्या साली, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. त्या दिवशी हवालदार म्हातारपणानं मेला.