समितीला मान्य स्ट्रॉबेरी

जे फळ ज्या जिल्ह्यात पिकत नाही, त्याच्या चवीबद्दल त्या जिल्ह्यात मतभेद नसतात. गोंदिया जिल्ह्यात स्ट्रॉबेरी पिकत नाही.

देवेंद्रला हे ठाऊक नव्हते, कारण तो पुण्याला हॉटेलचा कोर्स करून आला होता. त्याचे मामा टेकचंदजी यांनी कुडव्याला बार काढला आणि 'जुन्या जमान्याची स्ट्रॉबेरी कॉकटेल' ही त्याची खासियत ठरवली (पाटी आधी रंगली, कॉकटेल नंतर शोधायची होती). भाच्यापुढे पर्याय दोनच. उद्घाटनाला वाहवा मिळवायची, नाहीतर बाबांबरोबर आमगावच्या राइस मिलमध्ये बसायचे. बाबांनी तिथली खुर्ची पुसूनही ठेवली होती.

देवेंद्र जीव तोडून कामाला लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या पाककृती धुंडाळल्या. नागपूरहून रेल्वेने स्ट्रॉबेरी मागवली. वाटेत निम्मी चेपली, उरलेली त्याने साखर-व्हिनेगरमध्ये मुरवली, लिंबू पिळले, जिन घातली, बर्फाबरोबर घुसळून उंच पेल्यात ओतली. एक घोट घेतला आणि त्याला स्वतःलाच भरून आले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चवपरीक्षण समिती बसली. मामा (अध्यक्ष), बारचे वायरिंग केलेला दुलीचंद (तांत्रिक सदस्य) आणि निवृत्त कंपाउंडर शालीकरामजी (वैद्यकीय सल्लागार). समितीने पेय प्राशन केले, तोंड वाकडे केले आणि एकमताने ठरवले की यात स्ट्रॉबेरी नाही. शंभर टक्के सदस्यांनी ताजी स्ट्रॉबेरी जन्मात खाल्ली नव्हती, त्यामुळे निकाल पूर्वग्रहापासून पूर्ण मुक्त होता.

"काऊन रे भाऊ, हे आंबट कायले लागून राहिलं?" दुलीचंद म्हणाला.

"मामाजी, खरी स्ट्रॉबेरी आंबटच रायते," देवेंद्र काकुळतीला आला.

"बेटा, कस्टमरले खरी नाही पाहिजे. स्ट्रॉबेरी पाहिजे," मामा म्हणाले.

शालीकरामजींनी हात वर केला. "पोराईले ताप आला का मी गुलाबी औषध देत होतो ना, चमच्यानं? तशी लागते स्ट्रॉबेरी. पुरी जिंदगी बाटल्या दिल्या, मले नोको शिकवू."

यावर समिती गहिवरली. जुना जमाना तो हाच, असे इतिवृत्तात नोंदवले गेले.

देवेंद्रला फार वाईट वाटले. मुरवलेली स्ट्रॉबेरी त्याने घरी मुर्रीला नेली. आईने, जमुनाबाईंनी, चाखून मायेने विचारले, "बाबू, नासली का रे?" मग तो बाजारात गेला आणि गोळेवाले वापरतात तो गुलाबी इसेन्स घेऊन आला.

उद्घाटन दणक्यात झाले. एका ठेकेदाराने पेय चमच्याने मागितले आणि डोळे मिटून घेतले. त्याला म्हणे आईचा कपाळावरचा हात आठवला. मामांनी तत्काळ सुधारणा केली. आता कॉकटेल औषधाच्या मापाच्या झाकणातून मिळते, शक्यतो जेवणानंतर, आणि पाटीवर 'वापरण्यापूर्वी हलवणे' अशी परंपरागत कृतीही दिली आहे.

देवेंद्रची नोकरी पक्की झाली. परवा कुणीतरी महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती चावली, जरा विचार केला आणि म्हणाला, "स्ट्रॉबेरीसारखी नाही लागत."

तुम्ही हसलात. हसावेच; तुम्ही शिकलेले, चार ठिकाणी फिरलेले. पण 'स्ट्रॉबेरी' हा शब्द वाचता वाचता मघापासून तुमच्या जिभेवर जे रेंगाळते आहे, ते फळ आहे की चमचा?