आईंच्या मोज्याचा काठ

या, असे जरा जवळ सरका. भिंतीला टेकलात तरी चालेल. दिवसभराचे दमलेले आहात, ते दिसतेच आहे. मी सांगणार आहे ती गोष्ट मोज्याच्या काठाची, म्हणजे पायाला धरून राहणाऱ्या त्या वरच्या पट्टीची. देवाने माणसाला पाय दिले तेव्हा मोज्याचा विचार केला नसावा. ते काम त्याने घरातल्या बायकांवर सोडले, आणि तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

वहिनी हॉस्पिटलच्या कपडेखात्यात कामाला होती. दिवसभर चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या. संध्याकाळी घरी येऊन ती खुर्चीत बसली, की तिचीच कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखी दिसे. त्या दिवशीही ती तशीच बसली होती, आणि समोर सासरे, म्हणजे बाबा, अनवाणी उभे होते.

बाबा निवृत्त होईपर्यंत बस डेपोत कंट्रोलर होते, शिट्टी वाजवून बस सोडत. आता तो जुना डेपो बंद होणार होता, आणि रविवारी सकाळी शेवटची बस बाबांच्या शिट्टीवर सुटावी, असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते.

"मी जाणार नाही," बाबा म्हणाले. "चपला घालून शिट्टी वाजवायची नाही मला. बूट हवेत. बुटात मोजे हवेत."

मोजे हीच तर अडचण होती. बाबांच्या पायांना सूज येई. डॉक्टरांनी घोट्यांच्या वरचे वळ बघून विचारले होते, "हे इतकं घट्ट काय बांधता?" बाबांनी सगळे खापर अधूनमधून घालायच्या दुकानातल्या मोज्यांच्या इलॅस्टिकवर फोडले. तेव्हापासून विकतचे मोजे बंद. सासूबाई होत्या तोवर त्याच बाबांचे मोजे विणत. त्या गेल्याला वर्ष होत आले होते, आणि त्यांच्या हातच्या शेवटच्या जोडीतून बाबांचे दोन्ही अंगठे बाहेर डोकावत होते.

"मी विणते," वहिनी म्हणाली. म्हणाली आणि तिला लगेच वाटले, की आपण फार दमलो की असे काहीतरी बोलून जातो.

लोकर कुठून आणायची, हा प्रश्न बाबांनीच सोडवला. सासूबाईंचे राखाडी स्वेटर त्यांनी कपाटातून काढले आणि स्वतः बसून उसवले. लोकरीचा गुंडा वहिनीच्या हातात देताना म्हणाले, "कापू नकोस हं कुठे. एवढीच आहे."

बातमी नणंदेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिचा फोन आला.

"वहिनी, तू विणणार? विण, विण. फक्त काठाकडे लक्ष दे. आईच्या मोज्याचा काठ कधी म्हणजे कधी घसरला नाही. बाबा दिवसभर डेपोत उभे असायचे, पण काठ जागचा हलायचा नाही."

"प्रयत्न करते," वहिनी म्हणाली.

"प्रयत्नच म्हणायचा. आईची सर कुणाला येणार?"

कपडेखात्यात शिवणाला बसणाऱ्या ताईंनी तिला युक्ती समजावून दिली होती. क्रोशाने ताण खाणारा काठ करायचा तर गोल गोल विणायचा नाही. अरुंद, लांब पट्टी विणायची, आणि प्रत्येक टाक्याच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागचा एक उचलायचा. मग पट्टीवर उभ्या नळ्या उमटतात आणि ती रबरासारखी ताणते. तिची दोन टोके जोडली की झाला काठ. खालचा मोजा त्यालाच लावून विणत न्यायचा.

ऐकायला सोपे होते. पण वहिनी विणत होती घरी येताना बसमध्ये, डोळे अर्धे मिटून, आणि आजवर तिने विणले होते ते टेबलावरचे रुमाल. रुमालाचे टाके दोन्ही धागे धरून घालतात. रुमालाला कुणाच्या टाचेवरून जायचे नसते. हाताने जुनी सवय धरली. काठ तयार झाला तो सुबक, भक्कम आणि पाइपच्या तुकड्यासारखा कडक.

बाबांनी पाय घातला. काठ टाचेशी येऊन थांबला.

"छान झालाय," बाबा म्हणाले. "नळाला बसेल."

आता नवरा मध्ये पडला. तो रंगाच्या दुकानात डब्यांत रंग मिसळून द्यायचे काम करी, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नीट ढवळली की जमते असा त्याचा विश्वास होता. "लोकर आहे ती. जरा ताणली की सैल होते. इकडे आण." त्याने काठ स्वतःच्या पायात चढवला, दात-ओठ खाल्ले, आणि काठ टाच ओलांडून घोट्यावर जाऊन बसला. "बघ, गेला की नाही?"

"गेला," वहिनी म्हणाली. "आता काढा."

काठ निघेना. त्याने वरून ओढला, तिने खालून ओढला. मग तो खुर्चीला धरून बसला आणि तिने काठ ओढला, तेव्हा काठ न हलता खुर्चीच पुढे आली.

"कात्री आण," नवरा म्हणाला.

"कापायचं नाही," बाबा दारातून म्हणाले.

"बाबा, पाय माझा आहे."

"आणि स्वेटर तुझ्या आईचं आहे." मग त्यांनी वाकून पाहिले. "ही कुठली छटा रे?"

"जांभळी," नवरा कण्हत म्हणाला. "दुकानात अशी निघत नाही."

तेवढ्यात नणंदेचा फोन. तिला सांगावेच लागले. "साबण लावा," ती म्हणाली. "आईच्या मोज्यात कधी कुणी अडकलं नव्हतं बाई."

साबण लावला. लोकर साबण प्यायली आणि आणखीच आवळली.

"शिवण उसवा ना," वहिनीला एकदाची आठवण झाली. "टोकं जोडलीत ती उसवली की पट्टी मोकळी." पण शिवण कुठे होती? आयुष्यात प्रथमच तिचा जोड इतका बेमालूम आला होता, की तो तिचा तिलाच सापडेना. बाबा भिंग घेऊन पाहू लागले आणि कौतुकाने मान हलवत राहिले.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला हाक मारली. त्याने पाय मांडीवर घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा बघा जोड. दादा, पाइपवर फिटिंग चढवायच्या आधी मोजून घेतात." त्याने नखाने धागा उचलला, वहिनीने ओढला, पट्टी सुटली. नवरा पुढचा सगळा वेळ पाय उशीवर ठेवून बसला आणि त्याने चहा तिथेच आणायला सांगितला.

वहिनीने पट्टी उसवली, लोकर धुतली, वाळवली, पुन्हा गुंडाळली. या वेळी ती बसमध्ये विणत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, ताईंच्या नजरेखाली, मागचा एकेक धागा उचलत होती. मान दुखे, बोटे वळत नसत. पण मोजे पुरे झाले आणि काठ जमला. इतका जमला, की घरात येणारा प्रत्येकजण तो ताणून बघे. प्लंबरने ताणला, नवऱ्याने लांबूनच ताणला. "ताणू नका रे," बाबा म्हणत, आणि ती जोडी उचलून आपल्या खोलीत नेत.

रविवारी सकाळी बाबा खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. मोजे घालताना ते नेहमीच दार लोटून घेत. म्हाताऱ्या माणसाची लाज, एवढाच अर्थ वहिनीने आजवर लावला होता. आज मात्र तिला राहवेना. ती बूट घेऊन आत गेली.

बाबा पलंगावर बसले होते. मोजे पायांत होते, काठ जागच्या जागी होते. आणि बाबांच्या हातात पांढऱ्या नाडीचे दोन तुकडे होते.

"हे काय बाबा?"

बाबांनी नाड्या तळहातावर पसरल्या. "सवयीने काढल्या," ते म्हणाले. "लागल्याच नाहीत आज."

"कशाला लागायच्या?"

"तिचे मोजे घसरायचे गं. पहिल्या जोडीपासून. वर ओढला की खाली, वर ओढला की खाली. पण ती एवढं बसून विणायची, तिला कसं सांगायचं? मग नाडी बांधायला लागलो, पँटच्या आत."

वहिनी शेजारी बसली. डॉक्टरांनी पाहिलेले वळ, इलॅस्टिकवर फुटलेले खापर, आणि तो कधी म्हणजे कधी न घसरलेला काठ, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. दमलेल्या माणसाला हसू येते ते पोटातून येते आणि बराच वेळ आवाज करत नाही, तसे तिला आले.

"आईंना कधीच कळलं नाही?"

बाबांनी नाडी बोटाभोवती गुंडाळली. "मोजे धुऊन यायचे ना, तेव्हा नाड्या आत घडी घालून ठेवलेल्या असायच्या. धुतलेल्या. एखादी झिजली, की तिथे नवी असायची. मी विचारलं नाही. तीही बोलली नाही."

बाहेर फोन वाजला. नणंदच होती. "काय गं, घसरले का?"

वहिनीने दारातून पाहिले. बाबा आपले आपण बूट बांधत होते, आणि नाड्या त्यांनी शिट्टीच्या खिशात ठेवल्या होत्या.

"नाही घसरले," ती म्हणाली. "पण आईंची सर नाही."

"ते तर मी आधीच सांगत होते," नणंद समाधानाने म्हणाली.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. शेवटची बस शिट्टीवर सुटली आणि वहिनी त्याच बसने परतताना खिडकीला डोके टेकून झोपली. आता उठाल, घरी जाल, पायातले मोजे काढाल. काठ सैल झाला असेल तर कुरकुर करू नका. त्या माउलीची आठवण काढा, जिला आपला काठ घसरतो हे ठाऊक होते आणि जी मुकाट्याने नाडी धुऊन ठेवत होती.