धोंड्याच्या महिन्यातलं स्पारिंग

"दाजी, मारू का?"

रिंगमध्ये उभा राहून भटू परवानगी मागत होता. मे महिना, धुळ्याचं ऊन, क्लबच्या हॉलवर पत्रे. संध्याकाळ झाली तरी आत भट्टी पेटलेली. समोर लीलाधर दोन्ही हात छातीशी धरून सज्ज होता.

"मार की रे!"

भटूने डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि लीलाधरच्या कानापासून वीतभर लांब हवेत एक जोरदार ठोसा मारला. मग घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "लागलं नाही ना, दाजी?"

आता यात भटूची काही चूक नव्हती. हिलाल सरांनी क्लब काढला तेव्हा शिंदखेड्याकडच्या आपल्या गावातली तमाम पोरं गोळा करून आणली होती. पोरं दणकट होती, एकमेकांचे दात हलवण्यात वाकबगार होती. लीलाधर मूळचा धरणगावकडचा. त्याने या क्लबात नाव घातलं, तिथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्याने सरांच्याच गावची सुलक्षणा बायको केली, आणि अक्षता पडल्याबरोबर क्लबातली झाडून सगळी पोरं त्याचे शालक झाली. खुद्द सर चुलत सासरे झाले. तेव्हापासून सरसुद्धा शिवी घालायच्या ऐवजी "लीलाधरराव, हनुवटी जरा आत घेता का?" अशी विनंती करायला लागले. त्यात यंदा अधिक मास. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! नारायणाच्या जबड्यावर ठोसा मारायची कोणाची छाती होणार?

लीलाधरला हे कारण मुळीच मान्य नव्हतं. त्याच्या मते त्याचा बचावच तसा होता.

"अंगाला कोणाचा हात लागू देत नाही मी," तो घरी जेवताना सुलक्षणाला सांगे.

"लागू देत नाही, की कोणी लावत नाही?" ती वाढता वाढता विचारी. बायकांना खेळातलं काय कळतं, म्हणून तो ताटात लक्ष घाली.

विभागीय निवड चाचणी तोंडावर आली होती. चाचणी जिंकली की राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेत पदक मिळालं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. पुढच्या वर्षी लीलाधर वयाच्या अटीत बसणार नव्हता, म्हणजे ही शेवटची संधी. शिवाय सासऱ्यांनी, कौतिक आबांनी, लग्नातच चारचौघांत सांगून टाकलं होतं की जावई सरकारी नोकरीत आहेत. नोकरी अजून लागायची आहे, हे सांगायचं तेवढं गडबडीत राहून गेलं होतं.

शेवटी हिलाल सरांनी सगळ्या पोरांना समोर बसवलं. "आजपासून हार्ड स्पारिंग. सरावात खरा मार बसला तरच मार बसल्यावर काय करायचं ते अंगाला कळतं. नाहीतर चाचणीत पहिल्या ठोशाला माणूस आईला हाक मारतो. फक्त डोकं सांभाळा. डोकं एकच असतं, आणि आतून फार नाजूक असतं."

भटू उठून उभा राहिला. "सर, जवाईले मारं तं पाप लागी."

"मी सांगतोय ना, मार!"

"मग पाप तुमले लागी का?"

सरांनी उत्तरादाखल शिट्टी फुंकली. तरी भटू बिचारा आज्ञाधारक. त्याने एक ठोसा खरोखरचा मारला आणि लीलाधरच्या नाकातून रक्ताचा एक थेंब आला. एकच. तो जमिनीवर पडायच्या आत बातमी गावात पोचली.

दुसऱ्या दिवशी कौतिक आबा नारळ, टॉवेल, टोपी आणि अनारशांचा डबा घेऊन हजर. चपला बाहेर काढून थेट रिंगमध्ये चढले. "हिलाल, तुनं डोकं फिरनं का? धोंडाना महिना शे, आणि जवाईनं नाक फोडी टाकं!"

"आबा, ते शिकताहेत. मार खाल्ल्याशिवाय..."

"मग दुसरा गावना जवाई आना अन् त्याले मारा!"

भटूला पाया पडायला लावलं. लीलाधरला टोपी घातली. सरावाचा सत्कार समारंभ झाला. त्यानंतर नारायणाला सासुरवाडीला नेऊन पुरणाचे धोंडे इतक्या आग्रहाने खाऊ घातले, की वजनगट हातचा जायची वेळ आली.

सरांनी हार मानली नाही. वरणगावहून ओळखीचा एक बॉक्सर बोलावला. त्याचं इथे ना नातं ना गोतं. त्याने पहिल्याच फेरीत लीलाधरला दोन सणसणीत ठेवून दिल्या. तिसरी द्यायच्या आत सगळे शालक दोर ओलांडून आत घुसले. "आमना दाजीले मारस?" वरणगावकर आपले बूट तिथेच टाकून स्टँडकडे पळाला.

"आता एकच उपाय," सर कपाळाला हात लावून लीलाधरला म्हणाले. "तुमच्याकडचं कोणी पाहिजे. दोघा भावांच्या भांडणात पाव्हण्याने पडायचं नसतं, एवढं तरी ह्या गाढवांना कळतं. भाऊबंदांत कोणी बॉक्सिंग खेळतं का?"

खेळत होता. चुलतभाऊ नवल. जळगावला सराव करायचा, वजन तंतोतंत लीलाधरएवढं. सामाईक विहिरीच्या मोटरीवरून दोघांचं बोलणं बंद होतं, तेवढंच. लीलाधरने अभिमान गिळून फोन लावला.

"नवल, मला मारायला येशील का?"

पलीकडून नवलचा भरून आलेला आवाज आला. "आत्ता निघू, का सकाळी आलो तर चालेल?"

सकाळी पहिल्या गाडीने आला. वयाने लहान, म्हणून आधी लीलाधरच्या पाया पडला. मग ग्लोव्ह चढवले.

"हा मोटरीचा!" लीलाधरच्या बरगडीत कळ गेली. "हा बांधावरच्या निंबाचा!" कान बधिर झाला. "आणि हा आजीच्या तेराव्याला मला पंगतीतून उठवलं त्याचा!" शालक हात बांधून बसले होते. घरगुती मामला होता.

"बस, बस! फेरी संपली!" सर ओरडत होते.

"माझं संपलं नाही अजून!" नवलने आणखी एक दिला, आणि पत्रे, पंखा, सर असं सगळं लीलाधरभोवती फिरायला लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं नाचवून विचारलं, "ही किती?"

"निंब आमचाच आहे," लीलाधर म्हणाला.

डॉक्टरांनी महिनाभर रिंगचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. चाचणी त्याच रविवारी होती. पोरपणापासून ज्या दिवसासाठी घाम गाळला, तो दिवस लीलाधरने खोलीत पडदे ओढून काढला. उशीत तोंड खुपसून रडला. यात विनोद काही नव्हता. सुलक्षणा शेजारी बसून राहिली.

तिकडे जळगावला, चाचणीच्या ठिकाणी, सरांकडे त्या वजनगटात कोणी उरलं नव्हतं. नावं सकाळी द्यायची होती. त्याच्या क्लबाने दुसऱ्याला उतरवल्यामुळे नवल प्रेक्षकांत शेंगदाणे खात बसला होता, आणि हात चांगला साफ झालेला होता. सरांनी त्याचं नाव दिलं. नवल जिंकला.

कौतिक आबा व्यवहारी माणूस. अधिक मास संपला तशी त्यांनी सुलक्षणाच्या धाकट्या बहिणीची नवलशी सुपारी फोडली आणि गावाला ठणकावून सांगितलं, "आमना जवाई सरकारी नोकरीमा शेतस!" कोणता जावई, ते कोणी विचारलं नाही.

राज्य स्पर्धा जवळ आली. आता सरांच्याच क्लबात सराव करणाऱ्या नवलचा बचाव अभेद्य झाला होता. शालकांचे ठोसे त्याच्या आसपासच्या हवेत बसत होते. अशात डॉक्टरांची परवानगीची चिठ्ठी घेऊन लीलाधर सरावाला निघाला.

"तुमचं तर पुढच्या वर्षी वय बसणार नाही. मग कशाला?" सुलक्षणाने विचारलं.

"नवलसाठी. हार्ड स्पारिंगशिवाय तयारी होत नाही."

"आणि जिंकला तर?"

"तर मी तयार केला. हरला, तर माझ्याकडून काही कमी पडलं नाही."

ती आत गेली आणि त्याचे ग्लोव्ह पुसून आणून दिले.

लीलाधर दोर वाकवून आत शिरला, तसा नवलचा चेहरा उतरला. त्याने आशेने शालकांकडे पाहिलं. भटूने मान खाली घातली.

"दोन्ही जवाईस्ना भांडणमा आम्ही काय बोलसूत?"

लीलाधर हसून पुढे झाला. "साडूभाऊ, आजीपासून सुरू करू, का मोटरीपासून?"