दाराला बांधलेले देवधर

मी दार ओढलं आणि दाराबरोबर देवधरही बाहेर आले. मनगटाला पायजम्याची नाडी, नाडीचं दुसरं टोक दाराच्या मुठीला. आत खुर्ची टाकून झोपले होते.

"गुरासारखं दावं लावून काय बसता?" मी म्हणालो.

"आबा, ही यंत्रणा आहे. ग्रीकांच्या त्या राजानंही स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं."

इथं जपानात, टोकियोशेजारच्या इचिकावात, आमची दारं समोरासमोर. माझा मुलगा टोकियोत कॉम्प्युटरवर आहे; देवधर रिटायर इंजिनियर. मी चौथीत शाळा सोडली, पण कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. हा राजा मात्र रोज ऐकावा लागतो. लाकडी घोडा करून शत्रूच्या गावात शिरला, एकट्यानं तराफा बांधून समुद्रात उतरला. देवधरांच्या मते तो लढवय्या नव्हताच, इंजिनियर होता.

"अडचणीचे तुकडे करा, आबा. तुकडा सुटतो."

खाली कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडायचे. यांनी जाळीला अशा गाठी मारल्या की कावळे थांबले आणि कचरा न्यायला आलेली माणसंही. कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागून आले आणि म्हणाले, "अर्धा तुकडा सुटला."

नाडीचं कारण त्यांची बायको, शालिनीवहिनी. त्यांना विसर पडत चाललाय. देवधरांना त्या घरमालक समजतात. दुपारी यांचा डोळा लागला की पर्स घेऊन स्टेशनकडं निघतात. पुण्याला 'हे' वाट बघत असतील म्हणून.

"तुमच्या राजाकडं यावर इलाज आहे का?" मी टोचून विचारलं.

"आहे."

राजा म्हणे कित्येक वर्षांनी घरी आला, तर राणी ओळख देईना. पलंग बाहेर काढा, म्हणाली. तो चिडला. उभ्या झाडाच्या खोडावर मी बांधलेला पलंग हलेल कसा? ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. तिनं ओळखलं.

देवधरांनीही लग्नानंतर पुण्यात स्वतः पलंग केला होता. त्याचा एक पाय आखूड पडला. इंजिनियरची लाज, म्हणून दोघांनी कुणाला कळू दिलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला साक्षीला बसवलं.

"शालू, आपल्या पलंगाचा कुठला पाय आखूड आहे?"

वहिनींनी मटार सोलणं थांबवलं. हसल्या. अशा हसलेल्या मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या.

"खिडकीकडचा. खाली करवंटीचा तुकडा लावलाय."

देवधर खुर्चीतून अर्धे उठले.

"पण तुम्हाला हे कसं ठाऊक?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी सांगितलं? भेटतात का ते तुम्हाला?"

देवधर तसेच अर्धे उभे राहिले. मग हळूच बसले.

"भेटतात. कधीकधी."

"मग सांगा, मी निघालेच आहे. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या म्हणावं."

"सांगतो."

दुपारी मी दार जपून ओढलं. नाडी बांधून ते जागेच बसले होते. राजाचं नाव काढलं नाही. मीही टोचलं नाही.

"सोडा ती," मी म्हणालो, "आणि इकडं बांधा. तुम्ही आत जाऊन पडा जरा."

त्यांनी माझ्या मनगटाला गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली, आणि आत गेले.