क्रेनवाल्या काकूंची अडखळती मोटार

दाजींची स्वतःबद्दलची मतं साध्या व्हिजिटिंग कार्डावर मावेनात, म्हणून त्यांनी घडीचं कार्ड छापून घेतलं. उघडलं की आत दिसायचं : ‘संगणक-गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, पोलादी तर्क. यंत्र खोटं बोलेल, पण माझ्याशी नाही.’ मागच्या पानावर त्यांचा भिंगातून बघतानाचा फोटो होता. त्यात भिंगामागचा डोळा एवढा मोठा आला होता, की तिघांनी मोतीबिंदूसाठी फोन केला. दाजींनी त्यातल्या एकाला तपासलंसुद्धा.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस, पोटापाण्यासाठी वह्या-पुस्तकांचं बाइंडिंग. सुट्टीच्या दिवशी दाजींची बॅग उचलणं, ते सांगतील ते तपासवहीत टिपणं आणि निघताना त्या त्या घरच्यांची माफी मागणं ही कामं त्याच्याकडे होती. ताईने लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाबा रे, ह्यांना एकटं कुठे सोडू नकोस. तेव्हापासून एकोणीस वर्षं तो इमानेइतबारे मागे मागे फिरत होता.

त्या रविवारी चार वाजता दोघं क्रेनवाल्या काकूंच्या दारात उभे राहिले. काकूंनी एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली होती. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि घराएवढी पेटी उचलून दुसऱ्या पेटीशेजारी अशी ठेवायची की मध्ये तळहाताएवढीच फट राहावी. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा दहा वर्षांच्या नातीने आजीला मोटारींच्या शर्यतीचा खेळ शिकवला. नात काकूंच्या मुलाकडे दुसऱ्या गावी, आजी इथे, आणि दर रविवारी पाचला शर्यत. जावईबापूंनी दीड महिन्यापूर्वी काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये चांगलं दणकट ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं. पहिले दोन रविवार काकूंनी नातीला धूळ चारली.

मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. पुढचे तीन रविवार काकूंची मोटार उचकी लागल्यागत चालायला लागली. वळण आलं की चित्र गोठायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत मोटार भिंतीत गेलेली असायची. गेल्या खेपेला नातीने अगदी सहज विचारलं, “आजी, तू आता हळू झालीस का गं?”

ते वाक्य घरात सगळ्यांच्या मनात रुतून बसलं. काकूंची लेक औषधांच्या दुकानात कामाला. ती आईच्या हातांकडे बघायला लागली. चहा ओतताना बघायची, बटण लावताना बघायची, आणि आईची स्कूटर निघाली की गॅलरीतून बघायची. शेवटी मायलेकींचं ठरलं : आज पाचच्या शर्यतीत पुन्हा तेच झालं, तर स्कूटरची चावी लेकीकडे आणि काकू उद्या डॉक्टरकडे. चावी कीबोर्डशेजारीच ठेवलेली होती. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या, आणि ते मेहुण्याला बघवत नव्हतं. हात गेले तर माझं राहिलं काय, असं त्या दार उघडताना पुटपुटल्या होत्या.

हे घर दाजींना नवं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी, मेहुणा तापाने पडलेला असताना, ते इथे एकट्यानेच ‘संगणक-स्वच्छता’ करून गेले होते. मेहुण्याने टेबलाखालच्या, कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट दाखवून सुरुवात तिथूनच करू या म्हटलं, तर दाजी मायेने हसले.

“मेहुणे, मी एकदा तपासलेली जागा पुन्हा तपासायची नसते. तिथे काही असतं तर मला तेव्हाच दिसलं असतं. लिहून घ्या.”

मेहुण्याने लिहून घेतलं.

पहिला संशय शेजारच्या दाताच्या डॉक्टरवर गेला. दाजींनी भिंतीला कान लावला, घरघर ऐकली आणि जाहीर केलं की तो माणूस दात कोरायच्या यंत्रासाठी भिंतीतून काकूंचा वेग ओढून घेतो. मेहुण्याला शेजारी पिटाळण्यात आलं. दवाखाना रविवारचा बंद होता आणि घरघर काकूंच्या फ्रिजची होती. दाजी म्हणाले, मग फ्रिज त्याला सामील आहे.

दुसरा संशय पडद्यावर. खिडकीच्या. सूर्यप्रकाशाने चित्र पातळ होतं, पातळ झालं की घसरतं, असं म्हणून त्यांनी पडदे ओढले आणि लगेच खुर्चीला अडखळून पडले. अंधारात त्यांना पाऊलखुणा दिसल्या. त्या त्यांच्याच होत्या, हे कळेपर्यंत वहीचं दीड पान भरलं.

तेवढ्यात लेकीने सांगितलं की ह्या कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारी यंत्रं दोन आहेत. एक छोटं, मुळातच आत असलेलं, आणि दुसरं नवऱ्याने बसवलेलं मोठं. दाजींचे डोळे भिंगाशिवायच मोठे झाले. घरात दोन सवती! (हा उद्गार वहीत टिपून ठेवण्याचा हुकूम झाला.) जुनी आतल्या आत कुढतेय, नवी तोऱ्यात आहे, दोघींच्या भांडणात मोटार अडकते, इतकं सोपं आहे. उपाय म्हणून दाजींनी डब्यासमोर मांडी घातली आणि अर्धा तास दोघींची समजूत काढली. तू थोरली आहेस, तू जरा घे पदरात. काकूंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने मेहुण्याकडे पाहिलं, आणि मेहुण्याने एकोणीस वर्षांच्या सवयीने माफीचा चेहरा केला.

खेळ लावून बघितला. मोटार पहिल्याच वळणावर भिंतीत.

आता पाचला दहा मिनिटं उरली होती. दाजी उठले, गुडघे झटकले, आणि एकदम गंभीर झाले. शेजारी सुटला, सूर्य सुटला, सवती सुटल्या, म्हणजे उरलं कोण, असं म्हणत त्यांनी भिंग थेट काकूंच्या हातांवर धरलं. मग परीक्षा ठरली. काठोकाठ भरलेला चहाचा कप बशीत घेऊन काकूंनी खिडकीपासून टेबलापर्यंत चालायचं.

काकू चालल्या. बशी अशी सरळ, की चहावरची साय हलली नाही. टेबल हातभर उरलं असताना दाजी नीट दिसावं म्हणून भिंग घेऊन पुढे वाकले, त्यांचं कोपर बशीला लागलं, आणि चहा चावीवर सांडला.

“सिद्ध झालं,” दाजी म्हणाले. “हात दोषी आहेत. मेहुणे, दाखला लिहा.”

काकूंनी रिकामा कप टेबलावर ठेवला आणि आपले दोन्ही हात पदरात घेतले. लेकीचे डोळे भरून आले. मेहुण्याने पेन उघडलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते पुन्हा बंद केलं. मग बोलला.

“दाजी, कोपर तुमचं होतं. मी बघितलंय.”

दाजींनी असं पाहिलं, जणू बॅगच बोलायला लागली होती. पण काकूंचे हात पदरातून बाहेर आले. त्या लेकीला म्हणाल्या की खेळ चालू ठेव, बंद करू नकोस, आणि साडी सावरून जमिनीवर बसल्या. क्रेन ओढत नसेल, तर आधी मोटरला हात लावून बघायचा, ही बंदरावरची पद्धत. त्यांनी टेबलाखाली हात घातला आणि डोळे मिटून डब्याच्या मागे चाचपलं. वरचा पंखा कोमट. खालचा, मोठ्या कार्डाचा, थंडगार.

“मोठी मोटर थंड आहे,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर बोजा आलेलाच नाही. सगळं छोटीच ओढतेय बिचारी.”

मग त्यांची बोटं मॉनिटरच्या केबलवरून हळूहळू खाली आली आणि ती डब्यात कुठे जाते तिथे थांबली. केबल वरच्या खोबणीत होती, छोट्या यंत्राच्या. खालच्या, मोठ्या कार्डाच्या खोबणींवर काहीतरी गुळगुळीत लागलं. काकूंनी नखाने ते सोलून काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. पिवळा, गोल स्टिकर. लेकीने मोठ्याने वाचलं : “तपास पूर्ण. संगणक-गुप्तहेर.”

दाजी छताकडे बघायला लागले. छतावर विशेष काही नव्हतं.

हळूहळू बाहेर आलं ते असं. स्वच्छता झाल्यावर पहिली दिसली त्या खोबणीत त्यांनी केबल खुपसली होती. खाली उघड्या राहिलेल्या खोबणींतून धूळ जाईल, म्हणून त्यांवर आपला मानाचा स्टिकर लावून टाकला होता. काम संपलं की स्टिकर हा त्यांचा शिरस्ताच होता. म्हणजे गुन्हा तीन आठवड्यांपूर्वीचा, गुन्हेगार सही ठेवून गेलेला, आणि आज तोच भिंग घेऊन हजर. मेहुण्याला हसू आवरेना. लेक तर रडता रडता हसायला लागली आणि तिला उचकी लागली.

काकू हसल्या नाहीत. त्यांना पाच वाजायच्या आत केबल बदलायची होती. न बघता, एका हाताने, त्यांनी ती वरून काढली आणि खालच्या खोबणीत बसवली. खट्.

मॉनिटर उजळला, पाच वाजले, आणि नातीचा आवाज आला. पहिल्या वळणावर काकूंची मोटार भिंतीच्या इतकी जवळून गेली की दाजींनी डोळे झाकले. दुसऱ्या वळणावर भिंत तशीच राहिली, मोटारही. तिसऱ्या फेरीला स्पीकरमधून नात कळवळून म्हणाली, “आजी, थांब ना जराशी.”

काकू थांबल्या नाहीत. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात तसेच स्थिर.

शर्यत संपली. लेकीने चावी ओढणीला पुसली, चहा निघाला की नाही ते दोनदा बघितलं, आणि आईच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. डॉक्टरचा विषय कुणी काढला नाही. दाजींनी घसा साफ करून मेहुण्याला सांगितलं की लिहा, प्रकरण मिटलं, गुन्हेगार फरार. मेहुण्याने वहीत लिहिलं, ‘गुन्हेगार सापडला. काकूंच्या हाताला लागला.’ आणि वही बंद करून बॅगेत टाकली.

दाजींचा चेहरा पार उतरला होता. काकूंना त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, चला, मी सोडते तुम्हाला घरी. दाजींना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. निघताना लेकीने त्यांच्या पाठीवर थोपटून दोनदा आभार मानले. काकूंनी लांबचा रस्ता धरला, मेहुणा बॅग घेऊन जवळच्या बोळातून पायी निघाला.

तो पोचला तेव्हा ताईच्या घरासमोर स्कूटर उभी होती. एका बाजूला दुधाची गाडी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि दोन्हीकडे फट तळहाताएवढी. मेहुण्याने हात घालून बघितली. काकू शिट्टी वाजवत चावी बोटाभोवती फिरवत होत्या. दाजी कठड्याला दोन्ही हातांनी धरून जिना चढत होते; काकूंचा तो वेग आणि ती वळणं अजून अंगातून उतरली नव्हती. त्यांच्या पाठीवर, बरोब्बर मधोमध, पिवळा गोल स्टिकर होता.

मेहुण्याने तो वाचला, पण दाजींना काही सांगितलं नाही. वर ताई दार उघडणारच होती.