आठ तासांची कोंबडी

"झाकण उघडायचं नाही! काहीही झालं तरी आठ तास झाकण उघडायचं नाही, दादा. एकदा उघडलं की अर्ध्या तासाची वाफ गेली समज!"

नागपूर स्टेशनच्या फलाटावर, गाडी सुटता सुटता, शोभाताईंनी खिडकीतून भावाला, मधुकररावांना, ही सूचना केली होती. बाकीच्या लेकी माहेराहून निघताना डोळे पुसतात. शोभाताई बोट नाचवत अमेरिकेला गेल्या. मागे ठेवून गेल्या एक पिवळंधमक विजेचं भांडं. त्याचं नाव स्लो कुकर. त्याच्यासोबत एक ट्रान्सफॉर्मर, कारण तिकडची वीज इकडच्यापेक्षा निम्म्या जोराची. तो उचलायला दोन माणसं लागत, आणि सुरू झाला की भजनातल्या पेंगुळलेल्या पेटीवाल्यासारखा एकाच सुरात गुणगुणत राही.

सहा महिने हे जोडपं कपाटावर धूळ खात बसलं. मग ऐंशी सालच्या ऑगस्टात मधुकररावांना ते एकदम आठवलं.

कारणही तसंच होतं. घरमालक ताराचंदजी श्रीवास्तव शेजारच्याच बंगलीत राहत, मधे फक्त एक लाकडी फाटक. त्यांनी हसत हसत सांगून टाकलं होतं, "मास्टरजी, भतीजा आ रहा है. दिवाली तक मकान देख लीजिए."

मधुकररावांच्या पत्नी प्रेमिलाबाईंना त्या दिवसापासून घास गोड लागेना. भाड्याच्या दोन खोल्यांचं त्यांना काही नव्हतं. पण अंगणात त्यांनी हातानं लावलेला औदुंबर होता. चौदा वर्षं रोज अकरा प्रदक्षिणा, तापातसुद्धा चुकल्या नव्हत्या. घर बदलता येतं. औदुंबर काय हातगाडीवर घालून न्यायचा?

"तू काळजी नको करू वं," मधुकरराव म्हणाले. "ताराचंदजींची जीभ मले माहीत आहे. कोंबडी म्हटलं की तो माणूस इस्टेट लिहून देईल! आणि साधीसुधी कोंबडी नाही. भूमध्य समुद्राकडची!"

"तुम्हाले येते?"

"बावीस वर्षं भूमध्य हवामान शिकवून राहिलो मी! उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाचे. मग कोंबडी कशी असेल ते समजत नाही काय?"

मधुकरराव हायस्कुलात भूगोल शिकवत. समुद्र म्हणून त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही दुरून, आणि तेव्हा चष्मा धर्मशाळेत राहिला होता.

"फक्त दिवस सांग," ते म्हणाले. "श्रावणात तू कोंबडी अंगणातही येऊ देणार नाहीस. शेवटचा दिवस कोणता?"

तिथी विचारायची तर प्रेमिलाबाईंना, हे गल्लीत ठरलेलं होतं. संकष्टीचा चंद्र, प्रदोष, एकादशी स्मार्त आहे की भागवत, सगळं बोटांवर. स्वतः त्यांनी मांसमच्छी कधीच सोडली होती, पण नवऱ्यासाठी मागच्या पडवीत वेगळी भांडी ठेवली होती. त्यांनी पेरं मोजली. "रविवारी दिव्यांची अवस. सोमवारी श्रावण लागतो, तोही सोमवारानंच."

"मग रविवार पक्का!" मधुकरराव फाटकापर्यंत धावतच गेले. काय जेवण आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. "विलायती खाना, साहब! बस, सरप्राइज!" एवढंच. ताराचंदजी आनंदानं हो म्हणाले.

शोभाताईंनी लिहून ठेवलेल्या कागदात कोंबडी, लिंबू, लसूण इथवर सगळं ठीक होतं. पुढे होतं ऑलिव्हचं तेल. किराणा दुकानदारानं असं नावच ऐकलं नव्हतं. शेवटी ते निघालं औषधाच्या दुकानात, मालिशच्या चपट्या बाटल्यांत. मधुकररावांनी बारा बाटल्या मागितल्या.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "बारा? मास्तर, घरी कोणाले काही झालं काय?"

मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नका. रविवारपर्यंत."

यानंतर ती गोष्ट गावभर व्हायला किती वेळ लागणार!

ऑलिव्हची फळं तर औषधाच्या दुकानातही नव्हती. मधुकररावांनी प्रेमिलाबाईंची मिठातल्या आवळ्यांची बरणी उचलली. "हेही हिरवे, तेही हिरवे. हेही गोल, तेही गोल. दोन्ही खारट! निसर्गात असं साम्य असतं."

मग ते कात्री घेऊन अंगणात निघाले.

"कुठं?"

"बेसिल पाहिजे. बेसिल म्हणजे तुळसच!"

प्रेमिलाबाई चिंच लावून समया घासत होत्या. त्या उठल्या नाहीत, की ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. "आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "त्यातून अवस. आज तुळशीले मी देवासाठी हात लावत नाही. तुम्ही कोंबडीसाठी लावणार?"

आवाज इतका मऊ होता की मधुकररावांनी कात्री खिशात घातली आणि ती टोचली तरी बोलले नाहीत. तुळशीच्या जागी ओव्याची पानं गेली.

बरोबर अकराला खटका दाबला. घरात मोठा प्लग एकच, तो पुढच्या खोलीत. म्हणून भांडं तिथंच, खाटेशेजारी पाटावर. ट्रान्सफॉर्मरनं सूर धरला. मधुकररावांनी समोर खुर्ची मांडली आणि घड्याळाकडे पाहत बसले. बारा वाजले, काही नाही. एक वाजला, काही नाही. दोनला काचेच्या झाकणावर एक थेंब जमला, तेव्हा त्यांनी तो दाखवायला प्रेमिलाबाईंना पूजेतून हाक मारली.

चारच्या सुमारास भांडी घासायला प्रयागबाई आल्या. फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या घरची भांडी त्यांच्याकडे. आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच.

"आता कसं हाये वं बाई मास्तरचं?"

"त्यांना काय झालंय?"

"लपवू नोको माय! मेडिकलवाल्यानं सांगतलं मले. लकवा! बारा बाटल्या तेल नेलं म्हणे, अन् कोणाले बोलू नोको म्हणे!"

प्रेमिलाबाईंना हसू आवरेना. "अहो, ते तेल स्वयंपाकाचं! कोंबडीत घातलंय. आज मालक जेवायला येणार ना."

प्रयागबाईंच्या हातची राखेची वाटी खाली पडली. "कोंबडी? मालकले? अवं बाई, त्यायचा सावन लागला ना! पंधरा दिवस झाले, त्या घरी कांदा नाई चिरला म्या!"

प्रेमिलाबाई भिंतीला टेकल्या. त्यांना सगळं माहीत होतं! हिंदी लोकांचा महिना पुनवेला बदलतो, आपला अवसेला. त्यांचा सावन आपल्या आषाढातच सुरू होतो, हे त्यांनी स्वतःच गल्लीतल्या बायकांना दहादा समजावलं होतं. पण दिवस काढताना पेरं मोजली ती फक्त आपल्याच घराची. चौदा वर्षं एका फाटकाच्या अलीकडे राहून पलीकडचा महिना त्यांनी विचारात घेतला नव्हता! पंचांगाचा कसला हा गर्व, आणि देवानं तो कोंबडीकरवी उतरवावा!

त्या आत गेल्या. "अहो, एक चूक झाली. ताराचंदजींचा श्रावण चालू आहे."

"काहीतरीच! श्रावण उद्यापासून."

"आपला उद्यापासून. त्यांचा पंधरा दिवसांपूर्वीच लागला."

"महिना काय फाटकाफाटकाले बदलते?"

"तुम्ही पोरांना शिकवता ना, समुद्रात एक रेघ आहे, अलीकडे रविवार अन् पलीकडे सोमवार?"

"ती आंतरराष्ट्रीय आहे!" मधुकरराव गरजले. पण चेहरा पांढरा पडला होता.

एवढ्यात मागून प्रयागबाई चाचरत म्हणाल्या, "अन् बाई... मालकिणीले म्या लकव्याचं सांगून देल्लं. ते दोघं पाहाले येऊनच राह्यले."

फाटक कुरकुरलं.

मधुकररावांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "लकवा!" ते कुजबुजले. "लकवा झालेल्या माणसाले कोणी घराबाहेर काढते काय? प्रेमिला, तू फक्त गप्प राहा!" भांडं त्यांनी पायानं खाटेखाली सारलं, वरून चादर लोंबती सोडली आणि आडवे झाले. खाली कोंबडी मंद आचेवर, वर मास्तर.

ताराचंदजी आत आले. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष. मागे त्यांच्या पत्नी कौशल्याजी, हातात बेलपत्राचा प्रसाद.

"मास्टरजी! ये क्या हो गया!"

मधुकररावांनी तोंड डावीकडे वाकडं करून एक उसासा टाकला.

कौशल्याजी गहिवरल्या. "राम राम! कौन सा हाथ गया?"

मधुकररावांनी विचार केला नव्हता. त्यांनी उजव्या हातानं डावा दाखवला, मग घाईत डाव्यानं उजवा.

"दोनों!" कौशल्याजींनी कपाळावर हात मारला. मग थोडं निरखून म्हणाल्या, "पर अभी तो मुँह उधर टेढ़ा था."

"फिरतं," मधुकरराव अर्ध्या तोंडानं म्हणाले.

आता खाटेखालून वास येऊ लागला होता. लसूण, लिंबू, आवळा, आणि त्या सगळ्यांच्या आडून एक असा वास, जो ताराचंदजींनी पंधरा दिवस घेतला नव्हता. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "ये खुशबू कैसी?"

"औषधी तेल... आठ तास... मंद आचेवर..." रोगी पुटपुटला.

ताराचंदजी वाकले. चादर उचलली. वाफाळलेल्या काचेखाली तेलाचे तवंग, हिरवे आवळे, पाकळ्या पाकळ्या लसूण! "वाह! असली आयुर्वेदिक! मास्टरजी, मेरा घुटना तीन साल से दुख रहा है. दो बूँद लगा लूँ?" आणि त्यांनी पायजमा गुडघ्यावर चढवला.

"झाकण उघडू नका!" मधुकरराव किंचाळले, अगदी सरळ तोंडानं.

पण ताराचंदजींचा हात झाकणाकडे निघाला होता.

प्रेमिलाबाई दाराशी उभ्या होत्या. गप्प राहिलं तर घर राहणार होतं. औदुंबर राहणार होता. कोणाला कळणार होतं? आणि त्यांना काही खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण समोर रुद्राक्ष घातलेला एक माणूस भर सावनात कोंबडीच्या रश्शानं गुडघा चोळणार होता. दुसऱ्याचं व्रत बुडवून आपल्या प्रदक्षिणा राखायच्या? त्या प्रदक्षिणा कुठल्या खात्यात जातील?

"भाईसाहेब," त्या म्हणाल्या, "हात लावू नका. त्यात कोंबडी आहे. लकवा कोणाला झालेला नाही. दिवस मीच चुकीचा काढला."

कौशल्याजींनी बेलपत्राचा प्रसाद झटकन पदराखाली घेतला.

ताराचंदजींचा हात हवेतच थांबला. "मुर्गी?" त्यांनी डोळे मिटले आणि छातीत मावेल तेवढा श्वास आत ओढला. मग अगदी दीनपणे विचारलं, "भाभीजी, आप तो सब जानती हैं. सूँघने से व्रत टूटता है क्या?"

"नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पण दोनदा नका घेऊ."

कौशल्याजींनी नवऱ्याचा पायजमा खाली ओढला. खाटेवर मधुकररावांनी डोळ्यांवर चादर घेतली; आता लकवा खरंच झाला असता तर बरं, असं त्यांना वाटत असावं.

ताराचंदजी दारापर्यंत गेले आणि वळले. "भतीजे को तो कहीं भी टिका देंगे," ते म्हणाले. "उसका क्या! मगर राखी के दूसरे दिन हमारा भादों लगेगा. उस दिन यही मुर्गी खिलाइए, फिर मकान की बात मैं नहीं निकालूँगा."

"पक्का!" चादरीतून आवाज आला.

"आपका क्या भरोसा, मास्टरजी? आपका तो मुँह भी एक जगह नहीं टिकता. भाभीजी बोलें तो बात है."

"खाऊ घालीन," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "माझा शब्द."

ते गेल्यावर त्यांनी पेरं मोजली, या वेळी दोन्ही घरांची. राखीचा दुसरा दिवस म्हणजे त्यांच्या स्वतःच्या श्रावणाचा ऐन मध्य!

सातला झाकण उघडलं. मधुकररावांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "भूमध्य समुद्र खारट असतोच." उरलेलं सगळं प्रयागबाईंनी डब्यात भरून नेलं. दुसऱ्या दिवशी त्या सांगत होत्या, "बाई, धुतलं, फोडणीले टाकलं, घरचं तिखट घातलं. मंग कोंबडी झाली."

राखीच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. पहाटे मधुकररावांची कंबर अचानक धरली आणि ते वर्तमानपत्रामागे दिसेनासे झाले. प्रेमिलाबाई आपल्या कामाला लागल्या. अंघोळ झाली, बुध-बृहस्पतीची पूजा झाली, प्रदक्षिणा झाल्या. उपास होता. स्वयंपाक कौशल्याजींच्या पडवीत, त्यांच्याच चुलीवर व्हायचा होता. प्रेमिलाबाई दूर पाटावर बसून कौशल्याजींना नुसतं सांगणार होत्या, कशाला हात लावणार नव्हत्या. त्या घरी सावन संपून आजपासून भादवा होता.

पिवळं भांडं कपाटावरच राहिलं. त्यांनी जवसाच्या तेलाची किटली घेतली, काटोलच्या माहेरी कांडलेल्या तिखटाचा डबा पदराखाली धरला आणि हळूच फाटकाची कडी काढली.